रोझरी म्हणते, मिस्साला जाते, मग मन का विसावत नाही?

या वेळी चार पत्रं घेतलीयेत. पहिल्या पत्राने जवळजवळ सगळं पान खाल्लं, बाकीच्यांनी राग मानू नये.

प्रश्न: ताई, मी ३८ वर्षांची. रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) चुकवत नाही, रोज रात्री रोझरी, म्हणजे मरियेची जपमाळ, म्हणते, घरात येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आहे तिच्यासमोर दिवा लावते. पण खरं सांगू का, शांती अशी वाटतच नाही. रोझरीत दुसऱ्या रहस्यापर्यंत (दहा मण्यांच्या दुसऱ्या टप्प्यापर्यंत) येते तोवर डोक्यात मुलीची फी, ऑफिसचे मेल, कोण काय बोललं तेच सुरू. लोक म्हणतात देवाच्या चरणी बसलं की मन हलकं होतं, माझं तर उठताना जास्तच जड होतं. माझी श्रद्धाच खोटी आहे का? ता. क. भावाशी दोन वर्षं बोलणं बंद आहे, पण त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

उत्तर: ताई, तुमच्या ता. क. कडे येते मी नंतर, विसरले नाहीये.

आधी तो खोट्या श्रद्धेचा विषय डोक्यातून काढा. संत ऑगस्टीनचं ते वाक्य तुम्ही प्रवचनात पन्नास वेळा ऐकलं असेल, तू आम्हाला तुझ्यासाठी घडवलंस आणि तुझ्यात विसावेपर्यंत आमचं हृदय बेचैन आहे. आपण ते ऐकतो आणि वाटतं की बाप्तिस्मा झाला, देव सापडला, की बेचैनी संपली. पण हे त्याने कधी लिहिलं ते बघा ना. बाप्तिस्मा ३८७ साली मिलानमध्ये, ईस्टरच्या रात्री, बिशप अँब्रोझच्या हातून. आणि हे वाक्य ज्यात आहे ते ‘कन्फेशन्स’ हे आत्मकथन लिहायला घेतलं ३९७ च्या सुमारास, म्हणजे मध्ये दहा वर्षं गेलीत, माणूस स्वतः हिप्पोचा बिशप झालाय, रोज वेदीवर उभा राहतोय, आणि तरी लिहितो ‘बेचैन आहे’. ‘होतं’ नाही लिहिलं त्याने.

त्याच पुस्तकाच्या दहाव्या भागात तर तो आपली सगळी गाठोडी सोडून दाखवतो. भूक किती आणि हावरटपणा किती ते कळत नाही म्हणतो, कुणी स्तुती केली की बरं वाटतं म्हणतो, चर्चमध्ये गाणं ऐकताना शब्दांपेक्षा सुरातच जास्त गुंगतो म्हणतो. आणि मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे, रस्त्याने जाताना कुत्रा सशामागे धावताना दिसला की माझं मन त्याच्यामागे पळतं, घरात बसलो असताना पाल माश्या पकडते तेच बघत बसतो, असं तो लिहितो. पाल! एवढा मोठा संत, ख्रिस्तसभेचा आचार्य (चर्चने मानलेला थोर शिक्षक), भिंतीवरच्या पालीकडे बघत बसलाय. तुमचे ऑफिसचे मेल त्या पालीचेच भाऊबंद समजा.

आणि तो काही एकटा नाही. अविलाची संत तेरेजा, जिला १९७० मध्ये प्रार्थनेच्या शिकवणीसाठीच ख्रिस्तसभेची आचार्य केलं, ती आत्मचरित्रात कबूल करते की काही वर्षं अशी गेली की प्रार्थनेचा तास कधी संपतो आणि घड्याळाचे ठोके कधी पडतात याकडेच माझे कान. मदर तेरेसांची पत्रं २००७ साली छापून आली तेव्हा तर पुष्कळांना धक्काच बसला, जवळपास पन्नास वर्षं आत अंधार आणि बाहेर तेच हसू, तेच काम. त्यांची श्रद्धा खोटी होती असं म्हणायची आपली हिंमत आहे का?

मला विचाराल तर घोळ इथे आहे की आपण ‘विसावा’ म्हणजे ‘बरं वाटणं’ धरून बसतो. येशूचे शब्द नीट वाचा, बायबलमधल्या मत्तयच्या पुस्तकातले, अध्याय ११. ‘अहो कष्टी व भाराक्रांत जनहो, तुम्ही सर्व माझ्याकडे या म्हणजे मी तुम्हांला विसावा देईन.’ इथपर्यंतच आपण पाठ करतो, तसबिरीखाली पण एवढंच छापतात. लगेच पुढच्या वाक्यात तो म्हणतो माझं जू घ्या. आता जू कुणी आराम करायला मानेवर घेतं का? ते कामाला जुंपण्यासाठी असतं, आणि एकट्या बैलासाठी नसतं, जोडीसाठी असतं. म्हणजे फी भरायचीच आहे, मेलला उत्तर द्यायचंच आहे, फक्त शेजारी कोण जुंपलंय ते बदललंय. त्यात रोज हलकं वाटेलच असं नाही हो, पण ओझं एकट्याने ओढणं आणि दोघांनी ओढणं यातला फरक कळायला लागतो, आणि बरेचदा तो मागे वळून बघितल्यावर कळतो.

लक्ष भटकण्याबद्दल. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथात परिच्छेद २७२९ आहे तो वेळ मिळाला तर काढून वाचा, तिथे सरळ म्हटलंय की भटकणाऱ्या विचारांची शिकार करायला निघालात तर त्यांच्याच सापळ्यात अडकाल, हृदयाकडे परत या एवढंच पुरे. आणि विचार कुठे पळतो त्यावरून आपला जीव कशात अडकलाय ते समजतं. मला हे फार पटतं. माझ्या स्वतःच्या माळेत तिसऱ्या दशकात (दहा मण्यांच्या तिसऱ्या गटात) एक मणी तुटलाय, दुरुस्त करू करू म्हणत तिथे दोऱ्याची गाठ मारली ती तशीच राहिली. म्हणताना बोटं आपोआप सरकत असतात, मी कुठेतरी भलतीकडेच असते, आणि ती खरखरीत गाठ बोटाला लागली की जागी होते. मग स्वतःवर चिडत नाही, त्या क्षणी ज्याचा विचार चालू होता त्याचं नाव घेते आणि गाठ धरून तोच नमो मरिया (प्रत्येक मण्यावर म्हणायची प्रार्थना) त्याच्यासाठी म्हणते. कधी मुलाचं नाव, कधी डोकं खाणाऱ्या शेजारणीचं. आता मुद्दाम दुरुस्त करत नाही.

तुम्ही रात्री थकून पाच दशकं रेटताय असं पत्रावरून वाटतं. एकच दशक म्हणा, हळू म्हणा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. रोझरी हे कर्जाचे हप्ते नाहीयेत.

आता तुमचा ता. क. ज्याचा याच्याशी संबंधच नाही ते माणूस ता. क. मध्ये कशाला लिहील हो? मत्तयच्या पाचव्या अध्यायात येशू म्हणतो, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. तुम्ही दिव्यासमोर बसता आणि जड होऊन उठता, मला तर वाटतं प्रार्थना चालत नाहीये असं नाही, चांगलीच चालतेय. ती तुम्हाला कुठेतरी पाठवतेय आणि तुम्ही परत येऊन आसनावरच बसताय. चूक कुणाची ते मला माहीत नाही, विचारतही नाही. लगेच गळ्यात पडा असंही नाही म्हणत. आधी कन्फेशनला (फादरांपाशी पापकबुलीला) जा, तिथे हे बोला, मग एक मेसेज टाका, ‘कसा आहेस’ एवढाच. उत्तर नाही आलं तरी तुमच्या बाजूची गाठ सुटलेली असेल.

प्रश्न: पवित्र साक्रामेंताच्या आराधनेला (चर्चमध्ये ख्रिस्तप्रसादाच्या पवित्र भाकरीसमोर शांत प्रार्थनेला) बसलो की १५ मिनिटांत डुलकी लागते. वय २४. लाज वाटते, जाणं बंद करू का?

उत्तर: बंद करू नकोस. लिझ्यूची संत तेरेज, १८७३ ची, अवघी २४ वर्षं जगली, तुझ्याच वयाची बघ, तिलाही प्रार्थनेत आणि ख्रिस्तप्रसादानंतर झोप लागायची, कॉन्व्हेंटमध्ये, बाकीच्या सिस्टर्स आजूबाजूला असताना. तिने काय म्हटलं, मूल जागं असो की झोपलेलं, आईबापाला सारखंच आवडतं. एलिया संदेष्ट्याची गोष्ट पण बघ, बायबलमध्ये १ राजे १९. मला मरू दे म्हणून झाडाखाली आडवा झाला, तर देवाने त्याला उपदेश नाही केला, झोपू दिलं, देवदूताने उठवून खायला घातलं, परत झोपू दिलं. देवाचा तो मंद आवाज त्याला ऐकू आला तो त्यानंतर.

पण एक विचारते, रात्री किती वाजता झोपतोस? दोन वाजेपर्यंत स्क्रीन बघून सकाळी आराधनेला बसलास तर डुलकी येणारच, त्याला आध्यात्मिक समस्या म्हणू नकोस.

प्रश्न: डिप्रेशनसाठी डॉक्टरांनी गोळ्या चालू केल्यात. घरचे म्हणतात गोळ्या कशाला, येशूवर भरवसा ठेव, रिट्रीटला (प्रार्थना शिबिराला) जा. मलाही आता अपराधी वाटतं.

उत्तर: गोळ्या चालू ठेवा. स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नका, बदल करायचा तो डॉक्टरांना विचारून. घरच्यांना आपल्या कॅथलिक बायबलमधलं सिराखचं पुस्तक दाखवा, अध्याय ३८, तिथे लिहिलंय वैद्याचा मान राख, त्यालाही प्रभूनेच निर्माण केलंय, आणि औषधं पण प्रभूनेच जमिनीतून दिलीत, शहाणा माणूस ती टाकून देत नाही. त्याच अध्यायात आजारपणात प्रार्थना कर असंही आहे आणि मग वैद्याला त्याची जागा दे असंही आहे, दोन्ही एकाच दमात. रिट्रीटला जावंसं वाटलं तर जा की, गोळ्यांची डबी बॅगेत घेऊन जा. आणि ज्या दिवशी प्रार्थनेचे शब्द सुचत नाहीत त्या दिवशी नुसती माळ मुठीत धरून झोपा. मात्र जगणं नकोसं वाटायला लागलं तर माझ्या पुढच्या अंकाची वाट बघत बसू नका, त्याच क्षणी घरातल्या कुणाला तरी उठवा आणि डॉक्टरांना फोन लावा.

प्रश्न: पवित्र हृदयाच्या भक्तीचे नऊ पहिले शुक्रवार (नऊ महिने दर पहिल्या शुक्रवारी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा नेम) करत होते, सातवा आजारपणामुळे चुकला. सगळं वाया गेलं का? परत एकपासून?

उत्तर: ख्रिस्तप्रसाद घेतलेला कधी वाया जातो का? ही भक्ती संत मार्गारेट मेरी अलाकोकपासून आली, फ्रान्समधल्या पारे-ल-मोनियालच्या मठात १६७३ ते १६७५ या काळात तिला येशूच्या हृदयाची दर्शनं झाली. येशूने तिला दिलेल्या वचनात नऊ महिने सलग म्हटलंय हे खरं, त्यामुळे नेम पूर्ण करायचा तर परत एकपासून. पण ते हृदय काय हजेरीपट घेऊन बसलंय का, ताप आला म्हणून रेघ मारायला? पुढच्या महिन्याचा पहिला शुक्रवार एक नंबर धरा, आणि तोही चुकला तर मला पत्र लिहीत बसू नका, शनिवारी सरळ मिस्साला जा.