तिकिटावरचं दुसरं नाव

प्रश्न : अमेरिकेत उपाध्यक्षपदाचा उमेदवार म्हणजे शोभेचा, असंच आम्ही वाचत आलो. मग २००८ मध्ये हरलेल्या सारा पेलिन यांनी रिपब्लिकन पक्ष बदलून टाकला असं म्हणतात, ते कसं? दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवारानं, तेही पडलेल्या, एवढं कसं काय साधलं?
– एक वाचक, कराड

उत्तर : पेलिनबाईंशी माझी पहिली गाठ पडली ती रात्रपाळीत, आणि तीही फजितीची. २९ ऑगस्ट २००८, शुक्रवार. मी तेव्हा एका दैनिकात परदेशी बातम्यांचं पान लावायचे. त्याच दिवशी सकाळी, आपल्या वेळेनं, ओबामांनी डेन्व्हरच्या स्टेडियममध्ये उमेदवारी स्वीकारलेली, त्यामुळे पान त्यांच्यावरच लागलं होतं. रात्री डाक आवृत्ती सुटायच्या बेतात वृत्तसंस्थेची बातमी आली : रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांनी उपाध्यक्षपदासाठी जोडीला अलास्काच्या सारा पेलिन यांना घेतलं. डेस्कवर कोणालाही हे नाव ठाऊक नव्हतं. ‘पालिन’ लिहायचं की ‘पेलिन’, यातच दोन मिनिटं गेली. मी घाईघाईनं ‘अलास्काच्या राज्यपाल’ असं लिहिलं आणि दोन परिच्छेद तळाला ढकलून दिले.

दुसऱ्या दिवशी वृत्तसंपादकांनी झापलं. ‘अगं, राज्यपाल म्हणजे आपल्याकडे राजभवनातले. ही बाई निवडून आलीय, आणि तीही स्वतःच्याच पक्षाच्या गव्हर्नरला प्रायमरीत पाडून.’ खरं होतं ते. २००६ मध्ये पेलिन यांनी सत्तेवर असलेल्या फ्रँक मर्कोव्स्कींना प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या मतदानात, धूळ चारली होती. वसिला नावाच्या गावाची माजी महापौर, वय ४४, आणि भांडवल एकच : ‘मी तुमच्यातली, हे वरचे सगळे एकमेकांना सामील.’ तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर खरं म्हणजे त्या एका ओळीत होतं, पण मी ते राजभवनात पाठवून मोकळी झाले होते.

मॅकेन यांच्या मनात दुसराच माणूस होता, जो लीबरमन. हे मुळात डेमोक्रॅट, २००० मध्ये अल गोर यांच्या जोडीला उभे राहिलेले आणि नंतर अपक्ष झालेले. पण त्यांचा गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा, त्यामुळे त्यांना घेतलं तर उमेदवारीवर शिक्कामोर्तब करणाऱ्या पक्षाच्या अधिवेशनातच बंड होईल, असं सल्लागारांनी बजावलं. मग पेलिन. त्याआधी दोघांची धड ओळखही नव्हती. फेब्रुवारीत वॉशिंग्टनला गव्हर्नरांच्या बैठकीत एक भेट झालेली, आणि नंतर घोषणेच्या आदल्या दिवशी ॲरिझोनात. आपल्याकडे सोयरीक जमवताना याहून जास्त चौकशी करतात. ओहायोतल्या डेटनला घोषणा झाली त्या दिवशी मॅकेन यांना ७२ वर्षं पूर्ण झाली.

आता मेख ऐका. अध्यक्षपदाचा उमेदवार वर्षभर राज्याराज्यांत प्रायमरी लढून घासूनपुसून वर येतो. दुसरं नाव तो एकटा ठरवतो आणि अधिवेशन त्यावर टाळ्या वाजवतं. म्हणजे ज्या माणसाला पक्षात कोणी पारखलेलं नाही, त्याच्यावर एका दुपारी अख्ख्या पक्षाचा शिक्का बसतो. निवडणूक हरली तरी तो शिक्का कोणी खरवडून काढत नाही.

अधिवेशनातलं त्यांचं भाषण आपल्याकडे दिसलं ते ऋषिपंचमीच्या सकाळी आठच्या सुमाराला. घरात दीड दिवसाचा गणपती, विसर्जनाची लगबग, आणि मी टीव्हीसमोर. मुलांना हॉकीच्या सरावाला नेणारी आई आणि पिटबुल कुत्रा यांच्यात फरक काय? लिपस्टिक! सभागृह उसळलं. संध्याकाळी कॉपी करताना ‘हॉकी मॉम’ला मराठी काय लिहावं ते सुचेना. शेवटी तसंच ठेवलं. त्याच भाषणात ओबामांनी शिकागोत केलेल्या वस्तीपातळीवरच्या कामाची टर उडवली होती. वर्तमानपत्रवाल्यांनाही सुनावलं : तुमचं मत चांगलं व्हावं म्हणून मी वॉशिंग्टनला निघालेले नाही. टाळ्या कुठे जास्त पडल्या, हे ज्यानं कान देऊन ऐकलं त्याला पुढचं सगळं कळलं असतं. मी ऐकलं नाही, कारण माझं लक्ष लिपस्टिकवर.

पुढे त्यांचं हसं होण्याची पाळी आली. मुलाखतीत ‘कोणती वर्तमानपत्रं वाचता’ या साध्या प्रश्नावर एकही नाव सांगता आलं नाही. पक्षानं त्यांच्या कपड्यालत्त्यावर दीड लाख डॉलर उडवल्याचंही बाहेर आलं. आमच्या डेस्कवरचे पुरुष त्यावर आठवडाभर खिदळत होते. मला ते आवडलं नव्हतं, अजूनही आवडत नाही. पुरुष उमेदवाराच्या सुटाचं बिल कोण मागतं? पण गंमत अशी की, या प्रत्येक हसण्यानं त्यांचा माणूस त्यांना आणखी चिकटला. त्याला वाटलं, हे हिला नाही, मला हसतायत.

त्या निवडणुकीतला एक प्रसंग मी विसरत नाही. १० ऑक्टोबर, मिनेसोटातलं लेकव्हिल. त्याआधी सहा दिवस पेलिन म्हणाल्या होत्या की ओबामांची दहशतवाद्यांशी ऊठबस आहे. लेकव्हिलच्या सभेत एक मतदार मॅकेनना म्हणाला, ओबामा अध्यक्ष होतील याची मला भीती वाटते. मॅकेन म्हणाले, तो सभ्य माणूस आहे, भिण्याचं कारण नाही. यावर हुर्यो उडाली, आणि ती उडवली मॅकेनच्याच माणसांनी. मग लाल कपड्यांतल्या एक वयस्कर बाई माईक हातात घेऊन म्हणाल्या, माझा ओबामांवर विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेननी मान हलवत माईक काढून घेतला : नाही बाई, ते सभ्य, कुटुंबवत्सल नागरिक आहेत, आमचे फक्त मतभेद आहेत. पक्षाचा अधिकृत उमेदवार, हातात माईक, आणि तरी सभा त्याची नाही! (अरब असणं आणि सभ्य असणं यांत विरोध काय, हे तेव्हा मॅकेनना कोणी विचारलं नाही. मीही बातमीत विचारलं नव्हतं.)

नोव्हेंबरात राज्यवार मोजल्या जाणाऱ्या इलेक्टोरल मतांत ओबामा ३६५, मॅकेन १७३ असा निकाल लागला. मध्यंतरी लेहमन ब्रदर्स ही बडी बँक बुडून आर्थिक संकट आलं होतं. पेलिन नसत्या तरी मॅकेन हरलेच असते, असं माझं मत आहे.

खरी गोष्ट त्यानंतरची. जुलै २००९ मध्ये, मुदतीचं जवळपास दीड वर्ष शिल्लक असताना, त्यांनी गव्हर्नरपद सोडलं. ऑगस्टमध्ये फेसबुकवर लिहिलं की ओबामांच्या आरोग्य योजनेत म्हाताऱ्यांनी जगायचं की नाही हे ठरवणारी ‘डेथ पॅनल’ असतील. असं काहीच नव्हतं. शेवटच्या आजारपणातल्या उपचारांबद्दल रुग्णानं डॉक्टरशी आधी बोलून ठेवलं तर त्या भेटीचे पैसे विम्यातून मिळावेत, एवढीच तरतूद होती. पण गदारोळ असा उठला की ती गाळावी लागली. हातात पद नाही, खुर्ची नाही, आणि एका मजकुरानं कायद्यातलं कलम उडालं.

मग टी पार्टी ही ओबामांच्या विरोधात उठलेली उजवी चळवळ, आणि २०१० च्या प्रायमरी. डेलावेअरचं उदाहरण घ्या. माइक कॅसल तिथले माजी गव्हर्नर, नऊ वेळा अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहावर निवडून गेलेले, मवाळ रिपब्लिकन. सिनेटची, म्हणजे वरिष्ठ सभागृहाची, जागा त्यांच्या खिशात होती. पेलिन यांनी क्रिस्टीन ओडॉनेल यांना पाठिंबा दिला आणि प्रायमरीत कॅसल पडले. मतदान किती? सुमारे ५७ हजार. एवढ्या मतांवर पक्षाचा राज्यातला सगळ्यात मोठा माणूस घरी बसला. नोव्हेंबरात ओडॉनेल सपाटून हरल्या, पण इतर राज्यांतल्या कॅसलसारख्यांनी घ्यायचा तो धडा घेतला होता. पक्ष बदलला तो इथे. लोकप्रतिनिधींना विरोधकांची धास्ती राहिली नाही, आपल्याच प्रायमरीची बसली. त्याच वर्षी रिपब्लिकनांनी प्रतिनिधीगृहात ६३ जागा वाढवल्या, तेव्हा तक्रार तरी कोण करणार?

प्रश्न : म्हणजे ट्रम्प हे पेलिन यांचंच पीक म्हणायचं का?
– तेच वाचक

उत्तर : इतकं सरळ नाही. ते तण जुनं आहे. १९६८ मध्ये निक्सन यांनी मेरीलँडच्या स्पायरो ॲग्न्यूंना जोडीला घेतलं, तेव्हाही लोकांनी ‘हे कोण बुवा?’ म्हणून विचारलं होतं. पुढे त्यांनीच पत्रकार आणि बुद्धिवाद्यांना झोडपण्याचं काम अंगावर घेतलं. १९९२ मध्ये कडव्या उजव्या पॅट ब्युकॅनननी अध्यक्ष थोरल्या बुशना प्रायमरीत घाम फोडला. पेलिन यांनी गर्दी निर्माण केली नाही. ती कुठे उभी आहे आणि कोणत्या बोलीला दाद देते, हे उघड केलं.

आयोवातलं एम्स हे विद्यापीठाचं गाव. जुलै २०१५ मध्ये तिथे ट्रम्प म्हणाले की मॅकेन कसले युद्धवीर, पकडले गेले म्हणून वीर ठरले; मला न पकडले गेलेले आवडतात. मॅकेननी व्हिएतनामात साडेपाच वर्षं कैद भोगली होती. सहा महिन्यांनी, १९ जानेवारी २०१६ रोजी, त्याच एम्समध्ये ट्रम्प यांच्या शेजारी उभं राहून पाठिंबा जाहीर केला तो पेलिन यांनी.

मॅकेननी जाहीरपणे पेलिन यांना कधी दोष दिला नाही. लीबरमनना न घेतल्याची खंत मात्र शेवटच्या वर्षी त्यांनी लिहून ठेवली. २०१८ मध्ये ते गेले, तेव्हा अंत्यसंस्काराचं बोलावणं पेलिन यांना नव्हतं.

प्रश्न : बाई सध्या राजकारणात आहेत का?
– एक वाचक, वसई

उत्तर : २०२२ मध्ये अलास्कातून प्रतिनिधीगृहासाठी उभ्या राहिल्या, ट्रम्प यांचा पाठिंबा घेऊन. जवळपास पन्नास वर्षं रिपब्लिकनांकडे असलेली जागा. ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत डेमोक्रॅट मेरी पेल्टोलांनी त्यांना हरवलं, नोव्हेंबरात पुन्हा हरवलं. तिथे मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतात, त्यामुळे दुसऱ्या पसंतीची मतंही लागतात. ती त्यांना पुरेशी पडली नाहीत.