वडिलांना जाऊन वर्ष होतंय. आम्ही मुंबईत राहतो, श्राद्धावर विश्वास नाही. कोकणातली घरं गेलेल्या माणसांची आठवण कशी ठेवतात?

विधी नको असतील तर सोडा, पण त्या दिवशीचा स्वयंपाक आणि माणसांची नावं सोडू नका.

आमच्या देवगडकडे गणपती गेले की म्हाळाचे दिवस येतात. भाद्रपदाच्या वद्य पक्षात, माणूस ज्या तिथीला गेला त्या तिथीला त्याच्या नावाचं पान वाढतात. वडे, खीर, भोपळ्याची भाजी हे ठरलेलं, आणि जोडीला त्याच्या आवडीचं काहीतरी. आमच्या बाबांसाठी काळ्या वाटाण्याचं सांबारं होतंच. पान बाहेर ठेवून कावळ्याची वाट बघत मंडळी पडवीत बसली, की कुणीतरी म्हणतं, "तेंका खीर गोडच व्हयी होती." मग वर्षभर न निघालेल्या गोष्टी निघतात. कुणाशी भांडले, कुणाला गुपचूप पैसे दिले. माझ्या मुलीने आजोबांना पाहिलेलं नाही. तिला ते जेवढे ठाऊक आहेत, तेवढे या बसण्यातून. माझ्या लेखी म्हाळ म्हणजे हेच.

तिथीच माहीत नसेल तर सर्वपित्री अमावास्या असते. समुद्रावर गेलेला माणूस परतलाच नाही, तर तो नेमका कधी गेला हे घरच्यांना कोण सांगणार? किनाऱ्यावरच्या अशा घरांना ही अमावास्या फार मोठा आधार आहे.

आपल्याच घरांत हे होतं असंही नाही. वसईतले ख्रिस्ती लोक २ नोव्हेंबरला कबरींवर मेणबत्त्या लावतात, कोकणी मुसलमान शबे-बारातला कबरस्तानात जातात.

मला खरी काळजी नावांची वाटते. श्राद्धात वडील, आजोबा, पणजोबा अशा तीन पिढ्यांची नावं घेतात, त्यापलीकडचा माणूस नावानिशी उच्चारला जात नाही. बायकांचं तर त्याहून वाईट. आई, आजी, पणजी यांची नावं घेतात ती सासरची. लग्नात नाव बदललेल्या बाईचं माहेरचं नाव तिच्या नातवंडांनाही माहीत नसतं. म्हणून मी एक वही केली आहे: नाव, माहेरचं नाव, गाव, तिथी, काय आवडायचं, काय काम करायचे. निम्म्याहून जास्त मजकूर आत्याने सांगितला. तुमच्याकडे अशी कुणी आत्या किंवा काकी असेल तर आजच फोन करा, कृपा करून पुढच्या मे महिन्यावर टाकू नका.

आणि वडिलांच्या तिथीचं म्हणाल, तर ते गेले त्या वर्षीच्या पंचांगात किंवा कॅलेंडरवर ती सापडेल. त्या दिवशी भावंडांना जेवायला बोलवा. शक्य झालं तर वडिलांच्या एखाद्या जुन्या मित्रालाही बोलवा आणि त्याला लग्नाआधीचे वडील कसे होते ते विचारा.