रिमॅपच्या आधी गिअरबॉक्स बघ

मित्रा, रिमॅपची, म्हणजे इंजिनचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवायची, घाई दिसतेय, पण ऑटोमॅटिकमध्ये पहिला मार बसतो गिअरबॉक्समधल्या क्लच प्लेटांना. टॉर्क (इंजिनचा पीळ) वाढला आणि त्या प्लेटा दाबून धरणाऱ्या ऑइलचं प्रेशर तेवढंच राहिलं, की त्या घसरतात, तापतात आणि जळतात. म्हणून आधी गिअरबॉक्सचं तेल तपास. पांढऱ्या फडक्यावर थेंब टाक. काळपट दिसलं, जळका वास आला, तर रिमॅपचं नावच काढू नकोस.

पहिला खर्च गिअरबॉक्सच्या वेगळ्या ऑइल कूलरवर कर. कुंभार्ली घाटात ट्रकमागे रांगत चढताना टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणारा भाग) लॉक होत नाही, सगळी घसरण उष्णता होऊन तेलात उतरते. आणि आपली कोकणातली खारी हवा! कूलरच्या पात्या, लोखंडी पाइप, काहीच सोडत नाही. किनाऱ्यावर गाडी फिरवून आणलीस की गोड्या पाण्याने धू. प्रेशर वॉशर जवळून मारलास तर पात्या आडव्या होतील.

मग व्हॉल्व्ह बॉडीत (तेल कुठे किती जाईल ते ठरवणाऱ्या भागात) लाइन प्रेशर, म्हणजे तेच तेलाचं प्रेशर, वाढव, पण बेतानं. जास्त झालं की गिअर धक्क्याने पडतात. जादा पकडीच्या प्लेटा गिअरबॉक्स उघडेल तेव्हाच. ट्यूनरकडून टीसीयूचं, म्हणजे गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरचं, मॅपिंगही करून घे.

गाडी सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी पट्टा आणि पुलीवर चालणारी ऑटोमॅटिक) असेल तर मात्र रिमॅपचा नाद सोड.