वाचकांचे प्रश्न: जुनी लष्करी खोगिरे ओळखायची कशी, किंमत लावायची कशी

प्रश्न: मधोमध लांबट फट असलेले काळे मॅक्लेलन खोगीर विकायला आले आहे. अमेरिकी यादवी युद्धातले (१८६१-६५) आहे, असे विक्रेता सांगतो. खरे-खोटे कसे तपासावे?

फट आणि काळा रंग, दोन्ही बाजूला ठेवा. लष्करी अधिकारी जॉर्ज मॅक्लेलन यांचे खोगीर अमेरिकी सैन्याने १८५९ मध्ये स्वीकारले आणि दुसऱ्या महायुद्धापर्यंत त्याच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या. फट जवळपास सगळ्यांना आहे. काळे चामडे तर विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालू होते, त्यानंतर तांबूस तपकिरी आले. शिवाय तपकिरी खोगीर काळे रंगवायला एक दुपार पुरते. बकलाखाली दबलेला वादीचा भाग आणि रिकिबीच्या पट्ट्याची आतली घडी उलगडून बघा. तिथे तपकिरी दिसले तर रंग नंतरचा आहे.

खरा पुरावा बैठकीत असतो. १८५९ च्या नमुन्यात लाकडी सांगाड्यावर ओले कच्चे (न कमावलेले) कातडे ताणून शिवत. ते वाळताना आक्रसते आणि लाकूड घट्ट आवळून धरते. त्यावर दुसरे आवरण नव्हते, स्वाराची बैठक थेट त्या पिवळट, शिंगासारख्या टणक कातड्यावर. कमावलेल्या काळ्या चामड्याचे आवरण १८७४ च्या नमुन्यात आले. म्हणजे बैठक पूर्ण चामड्याने मढवलेली असेल तर यादवी युद्धाचा दावा बहुधा तिथेच संपतो.

नकली माल याच्या उलट वाटेने तयार होतो. पहिल्या महायुद्धानंतर १९०४ च्या नमुन्याची खोगिरे ढिगांनी विक्रीला निघाली, त्यातल्या एखाद्याचे चामडे सोलून 'जुने' खोगीर बनवतात. अशा सांगाड्याच्या कडेला रिकामी भोके दिसतात आणि कातडे सगळीकडे एकाच छटेचे असते. वर्षानुवर्षे बसून झालेली बैठकीची झिलई, कडांवरचा मळ, फटीच्या काठांची झीज यांतले काहीच त्यावर नसते. १८५९ च्या खोगिराला दोन्ही बाजूंना चामड्याचे पल्ले स्क्रूने जोडलेले असत. पल्ले गेले असले तरी त्यांची भोके राहतात. १९०४ च्या नमुन्याला असे पल्ले नव्हते. आधीच्या नमुन्याच्या कड्या काळ्या रोगण दिलेल्या लोखंडाच्या, पितळी कड्या नंतरच्या.

पुढच्या कमानीवरच्या ढालीच्या आकाराच्या पितळी पट्टीवर बैठकीचे माप असते: ११, ११½ किंवा १२ इंच. नवी पट्टी सहज मिळते, त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नका. पट्टी काढूही नका, भिंगातून कडेने बघा. पट्टी जुनी असेल तर तिच्या काठाशी वर्षांचा मळ बसलेला असतो. कुठेही चौफुली खाचेचा स्क्रू दिसला तर तो १९३० च्या दशकाआधीचा नाही. अतिनील दिव्याखाली टाका निळसर-पांढरा चमकला तर दोरा बहुधा आधुनिक आहे. मात्र दुरुस्तीतही नवा दोरा येतो, म्हणून एका टाक्यावरून निकाल देऊ नका.

किमतीचा क्रमही सांगाड्यापासूनच लागतो. अखंड कच्च्या कातड्याचे १८५९ चे खोगीर सर्वांत वर, १९०४ चे बरेच खाली, कारण ते मुबलक आहे. त्यानंतर रिकिबी, त्यांची चामडी टोपणे, तंग (घोड्याच्या पोटाखालून आवळायचा पट्टा) आणि सामान बांधायच्या वाद्या मोजा. इथे खोगीरभरती बरीच चालते: १८५९ च्या सांगाड्याला 'यूएस' ठशाची टोपणे लावलेली दिसतात, तो ठसा नंतरच्या काळातला. अशा जोडणीला पूर्ण संच समजून पैसे देऊ नका. तुलना लिलावात प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या नगांशी करा, जाहिरातीतल्या मागणीशी नाही. त्या आकड्यात लिलावघराचे कमिशन धरले आहे का, तेही बघा.

प्रश्न: पोलादी कमानींच्या खोगिरावर बाणाचे चिन्ह आणि खाली इंग्रजी 'आय' आहे. हे ब्रिटिश की भारतीय?

नमुना ब्रिटिश, माल भारतीय. जाड बाण ही ब्रिटिश सरकारी मालमत्तेची खूण आणि 'आय' भारताचा. कानपूरच्या सरकारी हार्नेस अँड सॅडलरी कारखान्यातून असे सामान मोठ्या प्रमाणावर निघाले. बाण 'सी' अक्षराच्या आत असेल तर कॅनडा, दोन 'डी' अक्षरांच्या मधे असेल तर ऑस्ट्रेलिया. दोन बाण टोकाला टोक लावून असतील तर ते खोगीर लष्कराने अधिकृतपणे विकून टाकलेले आहे. ही खूण वाईट नाही, उलट कागदपत्रांच्या जागी उपयोगी पडते.

साल ठरवायला खालून बघा. ब्रिटिश सैन्याच्या १८९० आणि १९०२ च्या 'युनिव्हर्सल' नमुन्यांत कमानी घोड्याच्या पाठीवर टेकणाऱ्या लाकडी फळ्यांना पक्क्या जोडलेल्या असतात. १९१२ च्या नमुन्यात हे जोड हलते आहेत, त्यामुळे फळ्या घोड्याच्या पाठीप्रमाणे कलतात. बिजागरी गंजून बसली असेल तर जोर लावू नका, फळी तडकते. सुट्या भागांवर वेगवेगळी साले असणे स्वाभाविक आहे. पलटणीच्या कोठारात भाग बदलतच असत.

प्रश्न: चामडे कोरडे पडून लाल भुकटी सोडते आहे. कोणते तेल लावावे?

कोणतेच नाही. ही भुकटी म्हणजे वनस्पतिजन्य कमावणीच्या चामड्याची आम्लामुळे झालेली झीज, ती उलटवता येत नाही. तेलाने चामडे काळवंडते, धूळ धरते आणि टाके सैल होतात. पितळाला लागून हिरवा मेणचट थर साचतो, तो लाकडी काडीने खरवडावा. कच्च्या कातड्यावर तर तेलाचा थेंबही नको. ते मऊ पडले की सांगाड्यावरची पकडच जाते. भुकटी थांबवण्यासाठी संवर्धनतज्ज्ञ अल्कोहोलमध्ये विरघळवलेले हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज वापरतात. आधी न दिसणाऱ्या कोपऱ्यात करून बघा, रंग गडद होऊ शकतो. आर्द्रता ४५ ते ५५ टक्के ठेवा, ६५ च्या वर बुरशी धरते. खोगीर फळ्यांना आधार देणाऱ्या, गादी घातलेल्या घोडीवर (स्टँडवर) ठेवा. कमानीवर उभे केले की सगळा भार जोडांवर येतो.

प्रश्न: अशा खोगिरावर स्वारी करता येईल का?

यादवी युद्धातल्या खोगिरावर नाही. नंतरच्यावर करायची असेल तर आधी दोन्ही कमानी धरून हलके पिळून बघा. लवचीकपणा जाणवला किंवा कट् असा आवाज आला तर सांगाडा तुटलेला आहे. सांगाडा ठीक असला तरी तंग, त्याचे पट्टे आणि रिकिबीचे पट्टे नवे घाला. जुने भाग चिठ्ठी लावून वेगळे जपा, विकताना ते खोगिराबरोबरच द्यायचे आहेत.