सदाबहार? बहार कधी सदा नसतो

अमेरिकन गायक पर्सी स्लेजचे 'व्हेन अ मॅन लव्हज् अ वुमन' हे १९६६चे सोल (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची भावभरी गायनशैली) गाणे आजही वाजते, तर त्याला सदाबहार म्हणावे, अजरामर म्हणावे की सदाहरित, असा प्रश्न आला आहे. सदाहरित अरण्य असते. ते सह्याद्रीतच राहू द्या. अजरामर म्हणजे अजर अधिक अमर, शाळेतला संधी; पुढे चला. उरला सदाबहार. हल्ली निवेदक परवाच्या गाण्यालाही तो डकवतात, वर 'एव्हरग्रीन सदाबहार' असा डबल मुलामा. ऐकवत नाही.

त्यात भाषाशुद्धीवाले म्हणतात, 'बहार' परका, त्याजागी 'वसंत' घाला. अहो, बहार हा वसंताचा सख्खा चुलतभाऊ आहे! प्राचीन इराणचा सम्राट दरायस याच्या बेहिस्तून शिलालेखात 'थूरवाहर' नावाचा महिना येतो. त्यातला 'वाहर' म्हणजे वसंत ऋतू. आपला 'स' इराणात 'ह' होतो (सप्तचा हफ्त, त्यावरून आपला हप्ता), म्हणून आपल्याकडे 'वस' तर तिकडे 'वह', आणि पुढे 'व'चा 'ब'. लॅटिनमधला 'वेर' याच कुळातला. म्हणजे बसंत-बहार रागाच्या नावात वसंत दोनदा आला आहे, आणि शुद्धीवाले घरच्याच माणसाला हाकलताहेत. (गझलेची 'बहर', म्हणजे वृत्त, मात्र अरबी; त्या शब्दाचा मूळ अर्थ समुद्र. ती मध्ये आणू नका.)

पण खरा अर्थ विचारायचा तो फळबागवाल्यांना. डाळिंब, संत्रा, मोसंबीला तीन बहार: जानेवारी-फेब्रुवारीचा आंबिया, जून-जुलैचा मृग, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त. शेतकरी त्यांतला एक धरतो. पाणी तोडून झाडाला ताण देतो, पाने गळतात, मग पुन्हा पाणी देऊन ताण तोडला की झाड फुलाने लगडते. तिन्ही धरले तर झाड खचते. (आणि इथे तो बहार, पुल्लिंगी, 'काय बहार आली' म्हणणाऱ्यांची ती बहार.)

माझे म्हणणे असे, की टिकणारे गाणेही असेच बहार धरते. अलाबामातल्या शेफील्डला इस्पितळात वॉर्डबॉयचे काम केलेल्या स्लेजने ते ध्वनिमुद्रित केले आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेले. मग वीस वर्षांचा ताण. १९८७मध्ये जीन्सच्या जाहिरातीत वाजले आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर चढले. १९९१मध्ये गायक मायकेल बोल्टनने गायले, पुन्हा अमेरिकेत पहिले. तीन बहार झाले की नाही! मधल्या काळात ते मेले नव्हते, फक्त पाणी तोडलेले होते. जाहिरातीने गाणे जगवले म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे: जाहिरातीने फक्त ताण तोडला. मुळात जोर नसता तर पाणी वाया गेले असते. आणि जोर होता. ऑर्गनच्या संथ उतरत्या सुरांवर तो आवाज पहिल्याच ओळीला पोटतिडकीने वर जातो. वेगळे ध्रुवपद नाहीच, शीर्षकाची ओळ कडव्याच्या तोंडी येते आणि तिथून माणूस स्वतःच्या वेडेपणाची कबुली देत सुटतो.

तेव्हा सदाबहार लिहायला माझी हरकत नाही, पण अनेकवचनात 'सदाबहारी गाणी' करू नका. विशेषण आहे, ते बदलत नाही.