उजव्या सायलेन्सरचा धूर आणि दोन कार्ब्युरेटरांचा मेळ

प्रश्न : माझ्याकडे वडिलांची राजदूत ३५० मोटारसायकल आहे. उजव्या सायलेन्सरमधून धूर जास्त येतो, त्या बाजूचा प्लग काळा व ओला होतो आणि आयडलिंग एकसारखे राहत नाही. दोन मेकॅनिकांनी उजव्या कार्ब्युरेटरचा एअर स्क्रू (आयडलिंगच्या मिश्रणातील हवा कमीजास्त करणारा स्क्रू) फिरवून पाहिला, पण उपयोग झाला नाही. दोन्ही कार्ब्युरेटर कसे जुळवावेत?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : एअर स्क्रूला तूर्त हात लावू नका. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून भारतात बनवलेली ही गाडी मुळात यामाहाची आरडी ३५०. तिच्या दोन्ही सिलिंडरांचे क्रँककेस (सिलिंडरखालचे, क्रँक फिरतो ते कप्पे) एकमेकांपासून बंद असतात, त्यामुळे दोष एकाच बाजूला दिसत असेल तर कार्ब्युरेटरच्या आधी क्रँकच्या टोकांवरील रबरी सीलवर संशय घ्यावा. क्लच उजवीकडे आहे. तेथील क्रँकचे ऑइल सील झिजले की क्रँककेस गिअर ऑइल ओढून घेतो, आणि तुम्ही सांगता तसाच धूर येतो. गिअर ऑइलची पातळी पाहून ठेवा व दोनतीनशे किलोमीटरनंतर पुन्हा पाहा. ती घटली असेल तर कारण तेच. डावे सील गेल्यास मात्र बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते आणि धुराची कोणतीही सूचना न देता पिस्टन तापून सिलिंडरमध्ये घट्ट अडकतो. म्हणून इंजिन उघडाल तेव्हा दोन्ही सील बदलाच; वडिलांनी जपलेले इंजिन एका सीलपायी जाऊ नये.

त्यानंतर कार्ब्युरेटर. रेसची केबल पुढे तिघांत वाटली जाते : दोन कार्ब्युरेटर आणि ऑइल पंप. एअर फिल्टरचे रबर काढून एकाच जाडीच्या दोन ड्रिल बिटांचे गुळगुळीत दांडे दोन्ही स्लाइडखाली (कार्ब्युरेटरमधील, रेस दिली की वर उचलल्या जाणाऱ्या झडपांखाली) अडकवा आणि रेस अगदी हळू फिरवा. दांड्यांची बाहेरची टोके एकाच क्षणी खाली झुकली पाहिजेत. एक मागे राहिले, तर त्या केबलचा अ‍ॅडजस्टर फिरवून पुन्हा पाहा. हे काम घाईने होत नाही. स्लाइड जुळल्यावर पंपाच्या पुलीवरची खूण तपासा, कारण ती चुकली तर इंजिनाला ऑइल कमी पडते. मगच एअर स्क्रू पूर्ण बंद करून साधारण दीड फेरा उघडा.

तुळजापूर रस्त्यावर गाडी चांगली तापवून प्लग काढा : कडक भाकरीसारखा तपकिरी रंग ठीक, पांढरा धोक्याचा. सोलापूरच्या मे महिन्यातील विरळ हवेत बसवलेले मिश्रण थंडीत पातळ पडते, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडते, तेव्हा डिसेंबरात प्लग पुन्हा पाहा.