जेवते तर चांगली, मग आजार कसला?

मी समुपदेशक. माझ्याकडे येणाऱ्या आयांचा एक प्रश्न ठरलेला असतो. पोरगी चांगली जेवते, अंगानंही ठीक आहे, मग डॉक्टर खाण्याचा आजार म्हणतात तो कसला? उत्तरादाखल खानापूर तालुक्यातल्या एका मुलीची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. तिला स्नेहल म्हणू.

स्नेहल बेळगावात टिळकवाडीला खोली घेऊन बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला शिकत होती. लग्न ठरलेलं. तिला माझ्याकडे पाठवलं ते दाताच्या डॉक्टरांनी. वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू झिजली होती, थंड पाणी लागलं की कळ यायची. पोटातलं आम्ल वारंवार तोंडात आलं की तिथला थर जातो. डॉक्टरांनी हळूच विचारलं, उलट्या होतात का? ती रडायलाच लागली.

आई मात्र ठाम होती. "पित्त आहे हो मॅडम, लहानपणापासून. जेवती की ती चांगली." थोड्या वेळानं स्नेहलला बाहेर बसवून तिनं खरी भीती बोलून दाखवली. लग्न ठरलेली पोरगी उलट्या करते हे शेजारणीला कळलं, तर ती काय अर्थ काढेल? आपल्याकडे ही भीती खोटी नाही. तिच्यापायीच कित्येक घरांत हे प्रकरण वर्षानुवर्षं पित्ताच्या नावावर खपतं.

स्नेहलला बुलिमिया नर्व्होसा होता. थोड्या वेळात खूप खायचं, खाताना थांबताच येत नाही असं वाटायचं, आणि मग वजन वाढेल या धास्तीनं उलटी काढायची, जुलाबाच्या गोळ्या घ्यायच्या, नाहीतर कडक उपास किंवा अतोनात व्यायाम करायचा. हे तीन महिने सरासरी आठवड्यातून एकदा तरी होत असेल, तर डॉक्टर हे निदान करतात. यात वजन बहुधा साधारणच राहतं, म्हणून घरच्यांना पत्ता लागत नाही. "आमच्या वेळी असलं काही नव्हतं," आई म्हणाली. होतं, पण नाव नव्हतं. ते १९७९ मध्ये लंडनच्या जेराल्ड रसेल या मानसोपचारतज्ज्ञानं दिलं. बोटांच्या सांध्यांवर दात लागून पडणारे घट्टे त्यांनीच नोंदवले. स्नेहलच्या उजव्या हातावर ते होते. आईला वाटायचं, भांडी घासून झालेत. जबड्याजवळ गालही सुजलेले होते, ते लाळेच्या ग्रंथींमुळे. त्याला घरचे 'तब्येत सुधारली' म्हणत होते!

पहिल्यांदा मी तिला फिजिशियनकडे पाठवलं. उलट्या आणि जुलाबांनी रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. ती तपासणी आणि ईसीजी झाल्याशिवाय नुसत्या बोलण्याला अर्थ नाही. मानसोपचारतज्ज्ञांनी फ्लुओक्सेटिन सुरू केलं. "लग्नाच्या पोरीला डोक्याच्या गोळ्या?" म्हणून आईनं कपाळाला हात लावला. या गोळ्यांनी खाण्याचे झटके आणि उलट्या कमी व्हायला मदत होते, हे तिला दोन-तीनदा सांगावं लागलं.

माझं काम वहीपासून सुरू झालं. किती वाजता, काय खाल्लं, तेव्हा मनात काय होतं, एवढंच लिहायचं. वजन, मोजमाप काही नाही. वहीत दिसलं ते असं: सकाळी नुसता चहा, दुपारचा डबा मैत्रिणीला, आणि रात्री साडेदहाला खोलीत बिस्किटांचे पुडे, खारी, घरून आलेला कुंद्याचा डबा, हाताला लागेल ते. सगळ्यात वाईट दिवस गुरुवार, कारण उपास. ब्लाउजचं माप द्यायला गेली होती तेव्हा आत्या सगळ्यांसमोर म्हणाली होती, "काय गे, अंगानं भरलीस." डबा देऊन टाकायला सुरुवात तिथून झाली.

मला सांगायचं आहे ते हेच. घरच्यांना वाटतं, पोरीला खादाडपणा आवरत नाही. प्रत्यक्षात रात्रीचं ते खाणं दिवसभराच्या उपाशीपणातून येतं. दाबून धरलेली भूक उसळते, मग लाज, मग उलटी, मग 'उद्यापासून काही खायचं नाही' असा निश्चय, आणि पुन्हा तेच. म्हणून उपचार खाणं कमी करण्यापासून नव्हे, वेळेवर खाण्यापासून सुरू होतात. तीन जेवणं, मधे दोन-तीनदा थोडं काही, आणि तीन-चार तासांहून जास्त वेळ पोट रिकामं नाही. स्नेहल घाबरली. फुगणार म्हणाली. जुलाबाच्या गोळ्यांनी जातं ते पाणी, कारण अन्नातला कस त्याआधीच लहान आतड्यात शोषलेला असतो, हे कळल्यावर त्या तिनं सोडल्या. उलट्या सुटायला बराच वेळ लागला.

गुरुवारचा प्रश्न तिच्या आजीनं सोडवला. मी जपून विषय काढला होता, तर त्या म्हणाल्या, "आजाऱ्याला कसला गे उपास? देव काय वही घेऊन बसलाय?"

आईला मी दोन गोष्टी सोडायला लावल्या: बाथरूमच्या दारावरचा पहारा आणि स्वयंपाकघराचं कुलूप. पहाऱ्यानं उलटी थांबत नाही, लपते. त्यापेक्षा जेवणानंतर अर्धा तास सोबत बसा, गवारीच्या शेंगा मोडा, काहीही बोला, फक्त अंगावर आणि ताटावर बोलू नका. उलटी झालीच तर लगेच दात घासू द्यायचे नाहीत, पाण्यानं चूळ भरायची.

साखरपुड्याच्या आठवड्यात पुन्हा झालंच. तिला वाटलं, सगळं पाण्यात गेलं. असे दिवस येतात. दुसऱ्या दिवशी नाश्ता चुकवायचा नाही, एवढंच आम्ही ठरवलं होतं आणि तिनं ते पाळलं.

तुमच्या घरी असं काही असेल, तर छातीत धडधड, चक्कर किंवा उलटीत रक्त दिसल्यावर समुपदेशकाची वेळ घेत बसू नका, थेट दवाखाना गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा ऐकू आली तरी तसंच. कुणाशी बोलावं सुचत नसेल, तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे.

शेवटी आईनं विचारलं, सासरी सांगायचं का? ते स्नेहलनं ठरवायचं, असं मी म्हणाले. तिनं नवऱ्यामुलाला सांगितलं, सासूला नाही. आईला ते अजून पटलेलं नाही.